जुन्या एफ-१५० च्या पुढच्या कॉइल स्प्रिंगा घरीच बदलायच्या आहेत, मदत हवी

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९४ ची फोर्ड एफ-१५० आहे. टू-व्हील ड्राइव्ह, ४.९ लिटरचं सरळ सहा सिलिंडरचं इंजिन. राहतो ओहायोत. इथे हिवाळाभर रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे तिशी ओलांडलेल्या गाडीचं पोट कसं दिसत असेल ते वेगळं सांगायला नको. इंजिन मात्र अजून पहिल्या चावीला सुरू होतं. आमच्या मंडळाचे ढोल, गणपतीच्या मखराच्या फळ्या, मांडवाचे पाइप, सगळं याच गाडीतून जातं. ती मोडीत काढायची माझी अजिबात इच्छा नाही.

काही महिन्यांपासून ड्रायव्हरची बाजू खाली बसल्यासारखी दिसत होती. मडगार्डच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावून पाहिला तर डाव्या-उजव्यात सव्वा इंचाचा फरक. ब्रेक दाबला की नाक खाली जातं, खड्ड्यात रबरी ठोकळ्यावर आपटल्याचा आवाज येतो. पुढचे दोन्ही टायर आतल्या कडेने झिजलेत, डावा जास्त. परवा टॉर्च घेऊन खाली शिरलो तेव्हा कारण सापडलं. डाव्या स्प्रिंगचा सगळ्यात खालचा वेढा मोडलाय, बोटभर तुकडा खालच्या बैठकीतच अडकून पडलाय. मोडलेल्या तोंडाचा अर्धा भाग गंजून काळा झालाय आणि उरलेला अर्धा करडा, दाणेदार, ताजा. म्हणजे चीर बरीच जुनी असणार, तुटलं आत्ता. तेव्हापासून गाडी उभीच आहे.

दोन गॅरेजांत विचारलं. एकाने गंज बघूनच नकार दिला. दुसऱ्याने जो आकडा सांगितला त्यात स्प्रिंगांची जोडी, दोन्ही शॉक (धक्के शोषणारे दांडे) आणि रबरी बुश येऊन वर पैसे उरतील. शिवाय ब्रेक, स्टार्टर, मागचे ड्रम ही कामं मी घरी करतो, हात अगदीच कोरा नाही. पण स्प्रिंगला कधी हात लावलेला नाही आणि तिची भीती वाटते. दाबलेली स्प्रिंग निसटली तर माणूस जायबंदी होतो, हे ऐकून आहे.

सर्व्हिस मॅन्युअल वाचलंय. या गाडीला पुढे ट्विन आय-बीम आहे, म्हणजे प्रत्येक पुढच्या चाकाला स्वतःचा लांब आडवा बीम (फोर्डने १९६५ मध्ये आणलेली रचना). स्प्रिंग चॅसीच्या टॉवर आणि बीमच्या मध्ये बसते, वर एक रिटेनर (स्प्रिंग जागेवर धरणारी पट्टी), खाली एक रिटेनर. अडलंय ते असं:

स्प्रिंग दाबून धरायचा कंप्रेसर लागतोच का? मॅन्युअलमध्ये नुसता बीम खाली उतरवून स्प्रिंग काढायला सांगितलंय, पण व्हिडिओंमध्ये काहीजण कंप्रेसर लावताना दिसतात. टॉवरवरचा रिटेनरचा बोल्ट गंजून एकजीव झालाय, तो न तोडता कसा काढू? आणि नव्या स्प्रिंगांनी पुढची बाजू उचलली गेली की चाकांच्या कलाचं काय होईल?

जाणकारांनी जरा वेळ काढावा ही विनंती.

पान्हेवाला:
याच पिढीची गाडी माझ्याकडे आहे, स्प्रिंगा घरीच बदलल्यात. स्प्रिंग काढायला कंप्रेसर लागत नाही. डबल विशबोनच्या (चाकामागे वर-खाली दोन आखूड आर्म असलेल्या) गाड्यांपेक्षा हे काम सोपं आहे, कारण बीम लांबलचक आहे आणि त्याची खीळ पार पलीकडच्या बाजूला असते. त्यामुळे चाकाकडचं टोक भरपूर खाली येतं.

मात्र क्रम चुकवू नका. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे, पार्किंग ब्रेक घट्ट. स्टँड चॅसीखाली लावा, बीमखाली नको. बीमखाली स्प्रिंगच्या बैठकीजवळ ट्रॉली जॅक टेकवा आणि मगच शॉकचा खालचा बोल्ट काढा. हे अशासाठी की बीमला खाली जाण्यापासून शॉकच अडवून धरतो. जॅक नसताना तो सोडलात तर बीम एकदम पडेल. स्टॅबिलायझर बार (वळणावर गाडीला कलू न देणारा आडवा दांडा) असेल तर त्याची लिंकही सोडा. ब्रेकच्या होजवर ताण येतोय असं वाटलं तर कॅलिपर काढून तारेने चॅसीला टांगा. होजवर काहीही लोंबकळू द्यायचं नाही.

मग वरचा रिटेनर, खालचा नट (तो स्प्रिंगच्या पोटात आहे, गोटी पान्याला लांब एक्स्टेन्शन लावा) आणि जॅक अगदी हळूहळू खाली. सुरुवातीला एक जाड साखळी वेढ्यांतून ओवून चॅसीला सैल बांधून ठेवा. ताण संपला की स्प्रिंग हाताने हलते. ती हलेपर्यंत तोंड आणि हात तिच्या रेषेत नकोत.

एका वेळी एकच बाजू. आणि स्प्रिंगा जोडीनेच बदला, उजवी धड दिसत असली तरी.

सांगलीकर:
दादा, तुमच्या गाडीचं मला फार माहीत नाही, पण आमचं घरचं गॅरेज आहे, गंजलेल्या बोल्टशी रोजचीच गाठ. तो बोल्ट आजपासूनच तेलात भिजवायला लागा. सकाळ-संध्याकाळ तेल, वरून हातोडीने हलके ठोके, असं काही दिवस करा. आधी तारेच्या ब्रशने आटे साफ करून घ्या. फिरवताना अर्धा आटा सैल, पाव आटा घट्ट, परत सैल, असं खेळवत काढायचं. गॅस लावायची वेळ आली तर बोल्टच्या डोक्यालाच लावा, नव्या स्प्रिंगला आच पोचता कामा नये. तिचं पाणी उतरलं तर ती नावाचीच स्प्रिंग.

खाली डांबर असेल तर स्टँडखाली जाड प्लायवूड घ्या. उन्हात डांबर मऊ होतं, स्टँडचे पाय रुततात.

अनुजा_क:
कलाबद्दल सांगते. ट्विन आय-बीममध्ये गाडीच्या उंचीप्रमाणे कॅम्बर, म्हणजे चाकाचा आत-बाहेर कल, बदलतो. पुढची बाजू बसली की चाकं वरून आत झुकतात आणि टायर आतून झिजतो, तुमचं नेमकं तेच झालंय. नवीन स्प्रिंगा घातल्यावर चाकं उलट वरून बाहेर कलल्यासारखी दिसतील. घाबरू नका, आठवडाभर चालवा, स्प्रिंगा थोड्या बसतील, मग अलाइनमेंट करा. कॅम्बर वरच्या बॉल जॉइंटजवळच्या बुशने (तिरप्या भोकाच्या धातूच्या कड्याने) जुळवतात. ती वेगवेगळ्या अंशांची मिळते, आधीची चालेलच असं नाही. टायर मात्र अलाइनमेंटच्या आधी बदला, झिजलेल्या टायरवर ती करून घेण्यात अर्थ नाही.

स्प्रिंगा मागवताना ड्रायव्हरच्या दाराकडच्या लेबलवरचा स्प्रिंग कोड बघा. इंजिन आणि वजनाप्रमाणे स्प्रिंगा बदलतात. सहा सिलिंडरच्या गाडीला व्ही-८ च्या स्प्रिंगा घातल्या तर नाक वर राहतं.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. शॉकच बीमला अडवून धरतो हे मॅन्युअलच्या चित्रावरून लक्षातच येत नव्हतं. लेबलवरचा कोड मिळालाय, आज जोडी मागवतो. बोल्टाला तेल आजपासून सुरू.

पान्हेवाला, एक राहिलं. नवीन स्प्रिंग बसवताना ती जुनीपेक्षा लांब असणार, तेव्हा बीम आणखी खाली न्यायला काय केलंत?

पान्हेवाला:
दुसरा माणूस आणि लांब पहार. एकाने बीम पहारीने खाली दाबून धरायचा, दुसऱ्याने स्प्रिंग आधी वरच्या टॉवरमध्ये घालून मग खाली बैठकीत सरकवायची. वेढ्याचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकलंय का ते जॅक वर घेण्याआधी बोटाने चाचपून बघा. टेकलं नसेल तर स्प्रिंग फिरवा, पुढे जाऊ नका. तरीही जमेना तर तिथे कंप्रेसर लावा. पार्ट्सच्या दुकानात अनामत भरून नेता येतो, विकत घ्यायची गरज नाही.

आणि रेडियस आर्मचे (बीमपासून मागे चॅसीला जोडणाऱ्या दांड्याचे) मागचे बुश एकदा बघून घ्या. ब्रेक मारताना खालून "टक्" येत असेल तर तेही याच वेळी बदला.