कार्यानुभवात पारंपरिक शेती आणावी का?

मूळ पोस्ट:
कोठारी आयोगाने (१९६४-६६) कार्यानुभव सुचवला, तो मुलांच्या हाताला काम कळावं म्हणून. माझ्या मुलीच्या शाळेत कार्यानुभव म्हणजे क्रेपची फुलं, तीही आदल्या रात्री आईने केलेली. २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना आहेत. ते शिवारात जावेत असं मला मनापासून वाटतं. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, पुस्तकातून कळत नाही. माती मुठीत दाबायची. हाताला चिकटली तर थांबायचं, गोळा बोटाने सहज फुटला तर पेरायचं. पेरणीची नक्षत्रं, पेरायची तिफण, तिच्या चाड्यात बी सोडणारी मूठ, सगळं आजोबांच्या पिढीबरोबर चाललंय.

प्रतिसाद १:
ठाम विरोध. आमच्या शाळेत 'श्रमसंस्कार' म्हणून शाळेच्या जमिनीतलं तण काढायला लावायचे. पहाटे घरचं खुरपून आलेली पोरंच तिथंही खुरपायची, डॉक्टरांचा मुलगा सावलीत बसून हजेरी लिहायचा. आमचा गणिताचा तास मात्र बुडायचा. आणि परंपरा म्हणता, तर वर्षभर राबून सुगीला खळ्यावर बलुतं मागायला उभा राहणाराही त्याच परंपरेतला. तो धड्यात येणार का?

मूळ पोस्टकर्ता:
यायलाच हवा. तुमच्याकडून करून घेतली ती वेठ होती, शिक्षण नव्हे. १९३७ साली वर्ध्यात गांधीजींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची मांडणी झाली, तेव्हा हातकामातूनच बाकीचे विषय शिकवायचे असं ठरलं होतं. सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याने मोजा. ७० पेक्षा कमी उगवले तर एकरी बियाणं किती वाढवायचं? तुमचा बुडालेला गणिताचा तास इथेच आहे.

प्रतिसाद २:
मी शिक्षिका आहे. चार वर्गांना आम्ही दोघी. दहा दिवसांत मुलांना पेरणी दिसेल, काढणी नाही, आणि कीड पडली, पाऊस ओढला की पोटात गोळा येतो तो तर नाहीच. त्यापेक्षा शाळेमागे एकच वाफा, आठवड्याला एक तास, जूनपासून दिवाळीपर्यंत. शिकवायला गावातली जाणती बाई बोलवा आणि तिला दिवसाची मजुरी द्या. सत्काराची शाल नको.

प्रतिसाद १:
मजुरीचं पटलं. पण तण काढायची पाळी सगळ्यांना, गुरुजींनाही. आणि वाफ्यातली भाजी कुठे गेली, तिचे पैसे किती आले, ते दर शनिवारी फळ्यावर. एवढं लेखी दिसेपर्यंत माझा विरोध कायम.