डेसिमलचा कॉलम डबलमध्ये घ्यावा का?

कराडकर: डेटाबेसमधला डेसिमल कॉलम (दशांश आकडे जसेच्या तसे ठेवणारा रकाना) जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत सरळ डबल (दशांश आकडे द्विमान पद्धतीत, म्हणजे ० आणि १ मध्ये, जवळपास ठेवणारा प्रकार) म्हणून वाचावा आणि छापताना दोन दशांशांवर पूर्ण करावा. व्यापारी हिशेबाला बिगडेसिमलचे (दशांश आकडे बिनचूक ठेवणाऱ्या जावाच्या प्रकाराचे) ओझे लागत नाही, असे माझे ठाम मत आहे.

हळदपेठ, सांगली: हा सल्ला वाचून मला गप्प बसवत नाही, कारण याच सल्ल्यावर उभा राहिलेला प्रोग्रॅम मी एका अडत दुकानात दोन हंगाम सांभाळला आहे. काट्यावर १००.५ किलो भरलेली हळद कॉलममध्ये १.००५ क्विंटल अशी बिनचूक उतरत असे. पण हा अपूर्णांक द्विमान पद्धतीत पूर्ण मांडताच येत नसल्याने डबलमध्ये तो १.००४९९९… होई, आणि शंभराने गुणून, पूर्णांक करून, पुन्हा भागले की पट्टीवर (शेतकऱ्याला मिळणाऱ्या विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर) १.०१ ऐवजी १.०० छापले जाई. अर्धा किलो पुढे धरायचा हा दुकानाचा रिवाज होता. शेतकऱ्याने वही उघडून दाखवली तेव्हा दिवाणजींनी माझ्याकडे बोट केले, आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते.

कराडकर: तुमची पूर्ण करण्याची रीत चुकली, त्याचे खापर डबलवर फोडू नका. बिगडेसिमलमध्ये इक्वल्स या तुलनेने तपासले तर दशांश स्थळेही मोजली जातात आणि २.५ आणि २.५० समान ठरत नाहीत. त्या एका ओळीपायी साताऱ्यात ऊसबिलांची जुळणी करताना माझी अख्खी रात्र गेली आहे.

हळदपेठ, सांगली: तिथे फक्त किंमत पाहणारी कंपेअरटू ही तुलना वापरायची असते. स्वतःच्या रात्रीचा राग शेतकऱ्याच्या वजनावर काढू नये.

वाईकर: रकमा पैशांत मोजून लाँगमध्ये (पूर्णांकाच्या प्रकारात) ठेवल्या तर हा वाद बराचसा मिटतो.

मिरजकर: आकड्यांवर एवढे भांडता, पण नावांचे कोणी बोलत नाही. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते, जावाच्या स्ट्रिंगमध्ये (मजकुराच्या प्रकारात) काना, मात्रा, हलन्त वेगळे मोजल्याने त्याची लांबी दहा भरते आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत ते तीस बाइट घेते. ओरॅकल या डेटाबेसमध्ये व्हारकॅर-टू (२५) असा मजकुराचा कॉलम केला की, वेगळे सांगितले नसेल तर, ते पंचवीस बाइट धरले जातात. एका पतसंस्थेच्या प्रोग्रॅममध्ये जावाची तपासणी ‘पंचवीसच्या आत आहे’ म्हणून नाव पुढे सोडत होती आणि डेटाबेस ते नाकारत होता. शेवटी कारकुनाने ‘ज्ञानेश’ लिहून नोंद बसवली. ते खाते माझ्या वडिलांचे होते, आणि वारसनोंदीच्या वेळी आधारवरचे नाव आणि पासबुकावरचे नाव एकाच माणसाचे आहे हे आम्हाला प्रतिज्ञापत्र करून सांगावे लागले.

कराडकर: मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये व्हारकॅरची लांबी बाइटमध्ये नव्हे, कॅरेक्टरमध्ये मोजतात. धागा भरकटतो आहे.

मिरजकर: भरकटलेला नाही. कॉलमचा प्रकार एक मोजतो आणि भाषेचा प्रकार दुसरेच मोजतो, हीच तुमच्या डबलचीही तक्रार आहे. ओरॅकलमध्ये लांबीपुढे ‘कॅर’ एवढा शब्द लिहिला असता तर आमचे हेलपाटे वाचले असते.

वाईकर: मिरजकरांशी सहमत आहे. मराठी नावे टाकून कॉलम तपासल्याशिवाय कोणतेही काम ग्राहकाच्या हाती देऊ नये.

कराडकर: वजन आणि रक्कम यांपुरते बिगडेसिमल मी मान्य करतो, तेही पट्टीवरच्या त्या अर्ध्या किलोमुळे. हळदीतल्या ओलाव्याची टक्केवारी मात्र मी डबलमध्येच ठेवणार आहे, कारण ते यंत्राने दिलेले अंदाजी माप आहे आणि त्यावर कोणाची पट्टी फाटत नाही.

हळदपेठ, सांगली: ओलावा पाहूनच भाव ठरतो, एवढे लक्षात ठेवा.