'करायलो', 'करलालो': मराठवाड्याच्या बोलण्यातला चालू काळ

परभणी:
'मी जेवायलो', 'पाऊस पडायलाय', 'पोरगी रडायली' ही रूपं आमच्या घरात दिवसभर कानावर पडतात. लातूरच्या पाहुण्यांकडं हेच 'जेवलालो', 'पडलालाय' होतं. शाळेच्या व्याकरणात मात्र चालू वर्तमानकाळ म्हणजे 'जेवत आहे', फार तर 'जेवतोय'. कोशात धातू सापडतो, हे रूप सापडत नाही. याचा अर्थ नुसता 'जेवतोय' एवढाच, की 'जेवायला लागलो' यातली सुरुवातीची छटाही त्यात आहे? आणि हे ठरवायचं कशाच्या आधारावर? घरात विचारलं तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं. आजी तर म्हणाली, "आमी असं बोलतच न्हाई."

धाराशिव:
मी शिक्षक आहे. मुलं वहीत 'मी अभ्यास करलालो' असं लिहितात. परीक्षेसाठी 'करत आहे' शिकवावंच लागतं, पण मुलांच्या रूपावर काट मारत नाही, दोन्ही रूपं शेजारी शेजारी लिहून घेतो. माझ्या मते अर्थ 'करतोय' इतकाच.

देगलूर:
आमच्याकडं तेलुगू आणि कन्नड दोन्ही हाकेच्या अंतरावर. 'गुत्तेदार' हा शब्द घ्या. तेलुगूत 'गुत्त', कन्नडात 'गुत्तिगे', अर्थ मक्ता किंवा कंत्राट. त्याला आपण फारसी 'दार' जोडला आणि रस्त्याच्या कामापासून सोयाबीन काढण्यापर्यंत सगळीकडं 'गुत्तं' रुळलं. क्रियापदाचं हे रूपही तिकडूनच आलं असेल का?

छत्रपती संभाजीनगर:
आधी आजीच्या उत्तराबद्दल, कारण ते फार मोलाचं आहे. माणूस काय बोलतो आणि आपण काय बोलतो असं त्याला वाटतं, या दोन गोष्टी वेगळ्या असतात. अमेरिकन भाषावैज्ञानिक विल्यम लबॉव यांनी हा पेच नेमका मांडला: कोणी लक्ष देत नसताना माणसं कशी बोलतात ते आपल्याला हवं असतं, पण लक्ष दिल्याशिवाय ते हाती येत नाही. १९६२ साली न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत त्यांनी यातून वाट काढली. चौथ्या मजल्यावर काय मिळतं ते आधी पाहून ठेवायचं आणि विक्रेत्याला ती वस्तू कुठं मिळेल एवढंच विचारायचं. उत्तरात 'फोर्थ फ्लोअर' यायचंच, आणि त्यातला 'र' उच्चारला की गाळला ते कळायचं. म्हणून 'तुम्ही करायलो म्हणता का?' असं कोणालाच विचारू नये. पेरणीचं, लग्नाचं, दुखण्याचं बोलणं काढावं. रूप आपोआप येतं.

असं खरं बोलणं भरपूर जमवून, जसंच्या तसं लिहून, शोधता येईल अशा रीतीनं ठेवलं की त्याला कॉर्पस म्हणतात. ब्रिटनमध्ये भाषावैज्ञानिक रँडॉल्फ क्वर्क यांनी १९५९ साली इंग्रजीच्या प्रत्यक्ष वापराची पाहणी सुरू केली आणि त्यातल्या बोललेल्या भागातून पुढं सुमारे ५ लाख शब्दांचा लंडन-लुंड कॉर्पस उभा राहिला. नंतरच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये १० कोटी शब्द आहेत, पण त्यातलं बोललेलं जेमतेम १ कोटी. छापलेला मजकूर गोळा करणं सोपं, बोलणं उतरवून घेणं कष्टाचं, म्हणून हे प्रमाण. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे शिवाजी विद्यापीठात तयार झालेला कोल्हापूर कॉर्पस, १९७८ सालच्या मजकुराचा, १० लाख शब्दांचा. पण तो भारतीय इंग्रजीचा आणि लेखी.

मराठवाड्याची उणीव याहून जुनी आहे. इंग्रजांच्या काळात जॉर्ज ग्रियर्सन यांनी केलेल्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाचा मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला, पण त्या सर्वेक्षणाच्या कक्षेत हैदराबाद संस्थान नव्हतं. आपण तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे पहिल्या मोठ्या नोंदीतून आपलं बोलणं सुटलं. मला हे मनापासून लागतं. त्या काळातल्या नांदेड-परभणीचे चार पानी नमुने जरी असते, तरी 'करायलो' किती जुनं यावर आज काही ठाम बोलता आलं असतं. अलीकडं डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेनं मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करून ते आवाजासह जालावर खुलं केलं आहे. ते जरूर ऐका.

आता मूळ प्रश्न. कॉर्पसमध्ये शब्द शोधला की त्याची सगळी वाक्यं एकाखाली एक येतात, शब्द मध्यभागी आणि दोन्हीकडं त्याचे शेजारी. अर्थ बहुतेक वेळा या शेजाऱ्यांतच असतो. 'मघापासून रडायली', 'कधीचा बोलायलाय' ही जोडी आपल्या बोलण्यात अगदी सहज बसते. 'कधीचा बोलायला लागला' म्हटलं तर अर्थच फिरतो, ते 'बोलायला सुरुवात कधी केली' असं होतं. म्हणजे 'बोलायलाय' मध्ये सुरुवात उरलेली नाही, क्रिया चालू आहे एवढंच आहे.

दुसरा पुरावा मला जास्त पटतो: 'भूक लागायली', 'ऊन लागायलंय'. इथं धातूच 'लाग' आहे. 'यली'मध्ये बोलणाऱ्याला अजून 'लागली' जाणवत असती, तर हे 'लागायला लागली' असं दुहेरी वाटलं असतं. तसं कोणालाही वाटत नाही. रूप 'करायला लागलो' मधूनच झिजून आलं असावं असं मला वाटतं, पण आज त्याचं काम 'करतोय'चं आहे. 'उद्या पुण्याला जायलो' हे ठरलेल्या भविष्याचं बोलणंसुद्धा 'जातोय'सारखंच चालतं.

शोधताना एक अडचण येते, ती आधीच सांगतो. 'पोरगा रडायला' म्हणजे आमच्याकडं रडतोय. पण 'रडायला काय झालं?' यातलं 'रडायला' वेगळं. अक्षरं तीच, यंत्राला फरक कळत नाही. म्हणून पुल्लिंगी तृतीय पुरुषापासून सुरुवात करू नये. 'रडायली', 'रडायलं', 'रडायलो' ही रूपं आधी काढावीत, ती दुसऱ्या कशात मिसळत नाहीत. पुल्लिंगी रूपाचं एकेक वाक्य मग वाचून वेगळं करावं. त्याला इलाज नाही.

देगलूरकरांसाठी: 'गुत्तं' दक्षिणेकडून आलं हे मान्य. पण नाम उसनं घेणं सोपं असतं, क्रियापदाची घडण सहसा इतकी सहज हलत नाही. त्यात या रूपाला लिंग-वचन लागतं, 'तो करायला, ती करायली, ते करायलं', आणि ही चाल 'गेला, गेली, गेलं'ची आहे. तरी तुमचं म्हणणं पडताळता येईल. देगलूर, बिलोली, उदगीरकडं हे रूप दाट आणि जालन्याकडं विरळ निघालं, तर विचार करावा लागेल. तुलना दर हजार शब्दांमागं करायची, नाहीतर ज्या गावचं ध्वनिमुद्रण जास्त तेच पुढं दिसेल.

परभणी:
'लागायली' डोक्यातच आलं नव्हतं! मी फोनवर घरच्यांचं बोलणं घेऊन लिहून काढू शकतो. कसं लिहू?

छत्रपती संभाजीनगर:
आधी सगळ्यांची परवानगी घ्या, आणि कशासाठी हवंय तेही सांगा. पहिली दहा-पंधरा मिनिटं माणसं जपून बोलतात, नंतर विसरतात. लिहिताना दोन ओळी ठेवा. वर जसं ऐकलं तसं, खाली प्रमाण रूप. वर 'जेवायलतो', खाली 'जेवत होतो'. वरची ओळ सुधारण्याचा मोह आवरा. आपण शिकलेली माणसं नकळत 'न्हाई'चं 'नाही' करून टाकतो आणि नेमकं हवं ते पुसलं जातं. 'हं', 'आं', 'बरं का', अर्धवट सोडलेली वाक्यं, एकमेकांवर चढलेलं बोलणं, सगळं राहू द्या. आवाज आणि मजकूर जोडून ठेवायला एलान आणि शब्द शोधायला अँटकॉन्क ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात. एक खबरदारी घ्या. 'दुसऱ्या'मधला ऱ्य संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो. डोळ्याला सारखा दिसतो, पण शोधताना एक प्रकार घातला की दुसरा सापडत नाही. सगळीकडं एकच पद्धत ठेवा. एका तासाच्या बोलण्याला कित्येक तास लागतील, तेव्हा थोडंच घ्या, पण पूर्ण लिहा.

बीड:
बोलणाऱ्याचं गाव लिहून भागणार नाही. आमच्याकडची कुटुंबं ऊसतोडीला जातात, वर्षातले कित्येक महिने पश्चिम महाराष्ट्रातल्या कारखान्यांवर. लेकरं तिकडचं 'करतुया' घेऊन येतात आणि घरी 'करायलो' बोलतात. कधी एकाच वाक्यात दोन्ही. कोण कुठं किती राहिलं ते नोंदवलं नाही तर बीडची बोली म्हणून भलतंच काहीतरी जमा होईल.

लातूर:
बायकांच्या बाबतीत माहेरचा रकाना पाहिजेच. माझं माहेर हिंगोलीचं. इथं सासरी माणसांत 'करलाले' म्हणते आणि आईशी फोनवर 'करायले'. जाऊ 'मी करलाली' म्हणते, तिचं माहेर वेगळं. हे 'ले' आणि 'ली' कुठं बदलतं ते कोणीतरी मोजावं असं फार वाटतं. घरात कोणी नसताना आम्ही दोघी बोलतो ते मी मुद्रित करून देऊ शकते, जाऊबाईंची परवानगी घेतली आहे.

छत्रपती संभाजीनगर:
ताई, नक्की द्या. त्यात माहेरगाव, वय, शिक्षण किती आणि सासरी येऊन किती वर्षं झाली, एवढं लिहा. नावं नकोत, 'अ' आणि 'ब' पुरे. आईशी फोनवरचं बोलणंही त्यांची हरकत नसेल तर घ्या, पण वेगळ्या फाइलमध्ये ठेवा.