तणसावरच्या रेड्यांना कोंडा द्यावा की डीडीजीएस?

प्रश्न (भंडारा जिल्हा) :
मांसासाठी वाढवायचे सहा रेडे माझ्याकडे आहेत. प्रत्येकाचे वजन सुमारे २५० किलो आहे. भाताचे तणस (पेंढा) भरपूर असूनही ते प्रत्येकी जेमतेम चार किलो खातात आणि अंगावर मांस धरत नाहीत. राइस मिलचा कोंडा गावातच मिळतो, मक्याचे डीडीजीएस (मक्यापासून इथेनॉल काढल्यावर उरणारा वाळवलेला चोथा) मात्र बाहेरून मागवावे लागते. काय व किती द्यावे?

उत्तर १ :
तणसात प्रथिने जेमतेम ४ टक्के असतात, आणि एकूण आहारातील प्रथिने साधारण ७ टक्क्यांच्या खाली गेली की कोठीपोटातील (जनावराच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यातील) चारा पचवणाऱ्या जिवाणूंना नत्र पुरत नाही, चारा पोटात रेंगाळतो आणि जनावर पुढचा घास घेत नाही. चार किलो तणसातून १६० ग्रॅम प्रथिने मिळतात. २८ टक्के प्रथिनांचे डीडीजीएस एक किलो दिल्यास त्यात २८० ग्रॅमची भर पडते, म्हणजे पाच किलोंच्या आहारात जवळपास ९ टक्के. मक्याचा भरडा तेवढाच दिला तर प्रथिने ९० ग्रॅमच, शिवाय त्यातील स्टार्चमुळे तणस आणखी कमी पचते. डीडीजीएसमधील स्टार्च इथेनॉल करतानाच निघून गेलेला असतो. सुरुवात पाव किलोने करून आठ-दहा दिवसांत मात्रा वाढवावी.

उत्तर २ :
मिलच्या ताज्या कोंड्यात तेल बरेच असते, त्यामुळे तो लवकर खवट होतो आणि जास्त दिल्यास तंतूंचे पचन मंदावते. कोंडाच वापरायचा असेल तर तेल काढलेला घ्यावा. मात्र कोंडा असो वा डीडीजीएस, दोन्हींत फॉस्फरस जास्त व कॅल्शियम कमी असते, आणि तणसातील ऑक्झलेट उरलेसुरले कॅल्शियमही बांधून ठेवते. नर जनावराला यातून मुतखडा होऊन लघवी तुंबू शकते, म्हणून रोज ३० ते ४० ग्रॅम खाद्याच्या प्रतीची चुनखडी पावडर आणि भरपूर पाणी द्यावे. मूळ मक्यात अफ्लाटॉक्सिन (बुरशीचे विष) असेल तर डीडीजीएसमध्ये ते सुमारे तिप्पट होते. तपासणी अहवालाशिवाय माल उतरवून घेऊ नये.

प्रश्नकर्ता :
तणसावर युरिया प्रक्रिया केली तर डीडीजीएस वाचेल काय?

उत्तर १ :
काही प्रमाणात वाचेल. १०० किलो तणसावर ४ किलो युरिया ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून शिंपडावा आणि ढीग २१ दिवस हवाबंद झाकावा. खाण्यापूर्वी तणस पसरून अमोनियाचा वास जाऊ द्यावा. जिवाणूंचे नत्र त्यातून भागेल, परंतु वजनवाढीला लागणारी ऊर्जा पुरेशी मिळणार नाही, तेव्हा डीडीजीएस पूर्ण बंद करू नये.