‘छद’, ‘छदक’ आणि ‘उपपर्ण’ यांत फरक कोणता?

प्रश्न: जास्वंदीच्या फुलाखाली, हिरव्या संवर्ताच्याही (पाकळ्यांखालच्या हिरव्या आवरणाच्याही) बाहेर, जी सहा-सात बारीक हिरवी पाती असतात त्यांना एका भाषांतरात मी ‘छदे’ म्हटले होते, संपादकांनी तिथे ‘छदके’ केले. हा केवळ लहान-मोठेपणाचा भेद आहे का? आणि मग ‘उपपर्ण’ कशाला म्हणायचे?

उत्तर: भेद आकाराचा नसून जागेचा आहे, आणि ‘क’ हा लघुत्वदर्शक प्रत्यय पाहून नेमकी इथेच फसगत होते. ज्या पानासारख्या अवयवाच्या बगलेतून फूल किंवा फुलोरा निघतो, ते छद. त्याच्या वर, फुलाच्या स्वतःच्या देठावर जे येते, ते छदक. त्यामुळे संपादकांची दुरुस्ती योग्यच आहे. उपपर्णाचे स्थान मात्र पानाच्या देठाच्या बुडाशी असते आणि ते बहुधा जोडीने येते. तिथेही ‘उप’वरून लहानपणा गृहीत धरू नये, कारण वाटाण्याची उपपर्णे त्याच्या दलांहूनही (संयुक्त पानातल्या छोट्या पानांहूनही) मोठी असतात. वडाच्या पानांच्या कोवळ्या कळीवर टोपीसारखे जे आवरण असते तेही उपपर्णांचेच, आणि ते गळाल्यावर फांदीवर कड्यासारखा वण राहतो.

छदांना बोलीत आपण सर्रास ‘पाकळ्या’ म्हणतो. बोगनवेलीची रंगीत ‘फुले’ म्हणजे तीन-तीन छदे असून खरी फुले आत नळीसारखी, लहान आणि फिकट असतात. केळफूल सोलताना जी जांभळट आवरणे एकेक करून काढून टाकावी लागतात, तीही छदेच. प्रत्येकाखाली फुलांची फणी दडलेली असते. स्वयंपाकघरात ‘पाकळी’ खुशाल म्हणावे, पाठ्यपुस्तकात नको.

पुस्ती: ‘छद’ हा शब्द ‘झाकणे’ या अर्थाच्या ‘छद्’ धातूपासून आला आहे, ‘आच्छादन’ही त्याच घरातले. संस्कृतात मात्र ‘छद’ म्हणजे कोणतेही पान, आणि म्हणूनच एका पेऱ्यावर बहुधा सात पाने वर्तुळाकार येणाऱ्या सातविणीला ‘सप्तच्छद’ म्हणतात. तेव्हा जुन्या काव्याचा अर्थ लावताना आजची परिभाषा त्यावर लादू नये. मराठी परिभाषेत हा शब्द नपुंसकलिंगी चालतो: ते छद, ती छदे. जास्वंदीतील छदकांच्या संपूर्ण वलयाला ‘अपिसंवर्त’ अशी वेगळी संज्ञा आहे. वाक्यात एकेका पात्याविषयी सांगायचे असेल तर ‘छदक’ आणि सगळ्या वलयाविषयी सांगायचे असेल तर ‘अपिसंवर्त’ वापरावे.