अनुभव धागा : ‘तुम्ही बसा निवांत’

वसंतवारा :
काल पेन्शनच्या कामासाठी बँकेत गेलो होतो. खिडकीवरच्या अंध अधिकारी मुलीने एका कानाला इअरफोन लावून, कीबोर्डवर भराभर बोटे चालवत माझे काम उरकले आणि मला आमच्या कचेरीतले टेलिफोन ऑपरेटर आठवले. त्यांना दिसत नसे, पण दीडशेच्या आसपास अंतर्गत क्रमांक तोंडपाठ होते आणि नुसत्या ‘हॅलो’वरून ते माणूस ओळखत. पुढे स्वयंचलित एक्स्चेंज आले, बोर्ड बंद पडला आणि साहेबांनी त्यांना अतिशय प्रेमाने सांगितले, ‘‘तुम्ही बसा निवांत.’’ पगार चालू राहिला, काम मात्र गेले. निवृत्तीपर्यंतची चार वर्षे हा माणूस बंद बोर्डाशेजारी मांडीवर हात ठेवून बसलेला मी पाहिला आहे. त्यांना दुसरे काही शिकवावे, हे आमच्यापैकी कोणालाच, म्हणजे मलाही, सुचले नाही. आपापल्या कामाच्या ठिकाणचे अनुभव कृपया लिहावेत.

पाऊलवाट :
मी स्वतः पूर्ण अंध असून सरकारी कार्यालयात लिपिक आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, मोफत मिळतो आणि मराठीही वाचतो. माझी अडचण डोळ्यांपेक्षा फाँटची आहे. युनिकोड (संगणकाला मराठी अक्षर मराठी म्हणूनच कळते ती पद्धत) नसलेल्या जुन्या फाँटमधले परिपत्रक उघडले, की पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत असले तरी माझ्या कानात निरर्थक इंग्रजी अक्षरे आदळतात, आणि कागद नुसता स्कॅन करून पाठवला असेल तर तेवढेही ऐकू येत नाही. वर्षभर विनवण्या केल्यावर शेजारच्या टेबलावरच्या बाई युनिकोडमध्ये टंकू लागल्या. तेव्हापासून मी टिपणी स्वतः लिहितो आणि चुकांबद्दल बोलणीही स्वतःच खातो.

हिशेबनीस :
शेवटचे वाक्य फार आवडले. आमच्याकडे अजून जुनाच फाँट चालतो. उद्या विषय काढतो.

लिंबलोणचे :
कुकर लावून लिहिते आहे, तेव्हा थोडक्यात. आमच्या मसाल्याच्या कारखान्यात बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा पॅकिंगला आहे. खोक्यात चोवीस पुड्या भरायच्या असतात, पण बारा-तेराच्या पुढे त्याची मोजणी डळमळत असे. सुताराने एका फळीवर चोवीस चौकोन आखून दिले : प्रत्येक चौकोनात एक पुडी, फळी भरली की ती खोक्यात रिकामी करायची. आता मोजता येणाऱ्या दोघीसुद्धा तीच फळी मागतात, आणि तो देत नाही!

मधलीसुट्टी :
माझे यजमान सरकारी खात्यात वाहनचालक होते. मधुमेहाने नजर अधू झाल्यावर स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज त्यांच्यापुढे ठेवण्यात आला. सही करण्यापूर्वी एका सहकाऱ्याने २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम २० दाखवले. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून सरकारी आस्थापनेला कर्मचाऱ्याला काढता येत नाही किंवा त्याचा हुद्दा कमी करता येत नाही. जुने काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे लागते, आणि तसे पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांव्यतिरिक्तच्या जादा, पदावर ठेवावे लागते.

वसंतवारा :
ताई, हे अधिसंख्य पद म्हणजे पुन्हा बंद बोर्डाशेजारची खुर्चीच तर नव्हे ना?

मधलीसुट्टी :
पहिले तीन महिने तेच झाले, दादा. मग एके दिवशी हे स्वतःच भांडारात गेले आणि सुट्या भागांच्या कपाटाची किल्ली मागून घेतली. नटबोल्टचे माप ते बोटांनीच ओळखतात.