मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर तेच, मग जाता-येता वेळ वेगळा का?

परसदार : येत्या मे महिन्यात माझे आई-वडील मुंबईहून थेट विमानाने न्यूयॉर्कला जाणार आहेत. दोन्ही विमानतळांमधले अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर आणि विमानाचा वेग ताशी ९०० च्या आसपास धरला, तर १४ तास पुरेसे व्हायला हवेत. प्रत्यक्षात जाताना १६ तास लागतात आणि येताना त्याहून दीड तास कमी. तिकिटावर मात्र रात्री १.३० ला सुटून त्याच दिवशी सकाळी ८ ला पोहोचणार असे छापले आहे. वडिलांना इन्सुलिन घ्यावे लागते, म्हणून खरे तास नेमके कसे मोजायचे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

ध्रुवतारा : १२,५०० किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर आहे. भिंतीवरच्या नकाशात पट्टी ठेवून रेघ ओढली, तर ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते व १४,००० किलोमीटरच्या वर भरते. गोलावर दोरा ताणून पाहा : तो पाकिस्तान, अफगाणिस्तान, कझाकस्तानचा पश्चिम भाग आणि रशियावरून नॉर्वेकडे चढतो, आइसलँडवरून जातो आणि कॅनडातल्या लॅब्रॅडॉरमार्गे खाली न्यूयॉर्कला उतरतो. अर्थात, दोऱ्याला कोणाची परवानगी लागत नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपले आकाश बंद केले, तर २०२२ पासून अमेरिकी कंपन्यांना रशियावरून उडता येत नाही. त्यामुळे कोणत्या कंपनीचे विमान आहे यावर वळसा ठरतो. मुंबईकरांना अरबी समुद्रावरून बाहेर पडता येते, म्हणून पाकिस्तानबंदीचा फटका दिल्लीकरांना अधिक बसतो, असे माझे मत.

वातकुक्कुट : वळशापेक्षाही जाता-येताचा फरक वाऱ्यामुळे पडतो. साधारण ९ ते १२ किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान झोत वाहतात. ताशी ९०० हा विमानाचा भोवतालच्या हवेतला वेग असतो. समोरून १०० चा वारा असेल तर जमिनीच्या हिशेबाने ८०० उरतात, पाठीमागून असेल तर १,००० होतात. अंतर जास्त असूनही वेळ कमी लागल्याचे उदाहरणही आहे : ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले, तेव्हा हजाराहून अधिक किलोमीटर जास्त उडूनही प्रवास सुमारे दोन तास आधी आटोपला, कारण वारा सोबतीला होता. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जिथून सुटते त्या विमानतळाच्या दारापासून जिथे लागते त्या दारापर्यंतचा असतो, त्यात धावपट्टीपर्यंतचे रेंगाळणेही आले.

दोन घड्याळे : तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. मे महिन्यात न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असते (हिवाळ्यात साडेदहा), म्हणून तिथले सकाळचे ८ म्हणजे आपले संध्याकाळचे ५.३०, आणि रात्री १.३० पासून तिथवर बरोबर १६ तास. परतताना दुपारी १२ ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ला पोहोचणारे विमान दिसले, तर तो प्रवास २४ नव्हे, साडेचौदा तासांचा आहे. इन्सुलिनच्या वेळा हे खरे तास डॉक्टरांना दाखवून निघण्यापूर्वीच ठरवून घ्याव्यात, आणि औषध चिठ्ठीसह हातातल्या पिशवीतच ठेवावे. सामानकक्षात ते गोठून निकामी होऊ शकते.

परसदार : आभारी आहे. वडिलांच्या मनगटावरचे घड्याळ उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच राहू देतो आणि डोसांचा तक्ता त्यानुसार डॉक्टरांकडून लिहून घेतो.